समुद्रफुलाच्या पाण्यात मोरचूद

इंदूरला निघण्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला प्रयोगशाळेतल्या माशाच्या टाकीपाशी बोलावलं आणि एक कागद दिला. तिकडे थोरल्या भावाकडे त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि 'लगेच ये' अशी तार आली होती. तरी कागद घाईत लिहिलेला नव्हता. अक्षर नेहमीसारखं गोल आणि सुटं. सकाळी खायला काय द्यायचं, पाणी किती खारट ठेवायचं, आटलेल्या पाण्याची भर कशी करायची, सगळं ओळीनं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: 'मासा आजारी दिसला तर बरणीत वेगळा काढावा. औषध बरणीत द्यावं. टाकीत कुठलंही औषध घालू नये, मोरचूद तर मुळीच नाही.'

मी तो कागद वाचला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते अजाणतेपणी झालं असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो आहे.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. मी नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो, वय अठ्ठावीस. मॅडम आमच्या विभागप्रमुख, पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत उत्तरेच्या खिडकीपाशी त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली होती. रामेश्वरमकडच्या अभ्याससहलीहून परतताना त्यांनी दोन प्लास्टिकच्या पिशव्या गाडीत मांडीवर धरून आणल्या होत्या. एका पिशवीत अंगठ्याएवढा केशरी मासा, अंगावर तीन पांढरे पट्टे. दुसरीत समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणीच. दगडाला बूड चिकटवून बसायचं आणि बोटांसारखे शेकडो मऊ दांडे पाण्यात हलवत राहायचं. त्या दांड्यांना विष असतं. दुसरा कुठलाही लहान मासा त्यांना शिवला तर मरेल, पण हा केशरी मासा त्यांच्यातच राहतो, त्यांच्यातच झोपतो.

नागपूरला समुद्र नाही, त्यामुळे समुद्र तोलून बनवावा लागे. सोबत आणलेलं पाणी संपल्यावर मॅडम रसायनशास्त्र विभागातून एकेक क्षार मागून आणत, तराजूवर तोलत, पिंपात कालवत आणि दोन दिवस मुरू देत. चौदा महिने त्यांनी ते दोन जीव असे जगवले होते. इतर कॉलेजांतली मुलं ते बघायला येत.

टाकीला आणखी एक माणूस लागायचा, तो म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणत असू. माशाचं नाव त्यांनीच 'नवरदेव' ठेवलं होतं.

"पाहा ना सर, बाशिंग बांधूनच फिरते दिवसभर. अन् घराबाहेर पाय टाकत नाई. असा घरजावई मी नाई पाह्यला."

मॅडम गेल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, मामाजींनीच मला हाक मारली.

"सर, हा काहून दगडाले अंग घासून राहिला?"

मी वाकून बघितलं. मासा समुद्रफुलाबाहेर आला होता आणि दगडाच्या कडेला कूस घासून पुन्हा आत शिरत होता. कल्ले भराभर हलत होते. भिंग लावलं तेव्हा परांवर आणि पाठीवर रव्यासारखे पांढरे कण दिसले. खायला टाकलेल्या कोळंबीच्या तुकड्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

विभागात माशांच्या रोगांवरचं एक जाड पुस्तक होतं. त्यातलं वर्णन जुळत होतं. कातडीत आणि कल्ल्यांत घर करणारे परजीवी असावेत. खात्री करायला कल्ला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवं होतं, पण एवढ्याशा जिवाला खरवडायचा मला धीर झाला नाही. उपाय म्हणून मोजका मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, दिला होता. आणि खाली बारीक अक्षरात तेच, जे मॅडमच्या कागदावर होतं: बिनकण्याचे प्राणी ज्या पाण्यात असतील तिथे हे औषध वापरू नये.

मी मासा बाहेर काढायचा प्रयत्न केला, अगदीच केला नाही असं नाही. जाळी पाण्यात उतरवली की तो समुद्रफुलात खोल शिरायचा. जाळी जवळ नेली तर दांडे तिला चिकटले. ओढली तर ते तुटतील म्हणून मी हात मागे घेतला. मामाजी म्हणाले, "सर, अंधार करा. खायले द्या. धीरानं घ्या, येईन बाहेर."

धीरानं घेतलं असतं तर जमलं असतं. पण मासा बरणीत काढल्यावर तिचं पाणी रोज सकाळ-संध्याकाळ बदलावं लागणार, त्यासाठी क्षार तोलून पाणी तयार ठेवावं लागणार. आणि शनिवारी दुपारी मला अमरावतीला जायचं होतं. रविवारी मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला होता. मामाजींना क्षार तोलायला शिकवता आलं असतं. ते मला सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण ज्या माणसाला मी चहा आणायला पाठवतो त्याच्या हाती तराजू द्यायचा, हे माझ्या मनाला तेव्हा पटलं नाही.

मग मी जे केलं त्याला माझ्याकडे एक कारणही तयार होतं, आणि ते घरचं होतं. आमचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा. झाडांच्या बुंध्यांना डिंक्या रोग लागू नये म्हणून वडील मोरचूद आणि चुना कालवून लावत. नुसता मोरचूद झाड जाळतो. त्यात चुना पडला की तो निवतो. पुरेसा निवला की नाही हे बघायला वडील विळ्याचं पातं घासून लख्ख करत आणि त्या कालवणात बुडवत. "पातं लाल झालं त अजून जहाल हाये, चुना घाल. नाई झालं त बिनधास्त लाव," असं ते सांगत. लहानपणापासून मी ते पातं कितीदा धरलं असेल.

टाकीच्या तळाशी शिंपल्यांचा आणि पोवळ्यांच्या तुकड्यांचा जाड थर होता. शिंपले म्हणजे चुनाच. मी विचार केला की मोरचूद या पाण्यात पडला तरी शिंपले त्याला निववतील. माशाच्या कातडीवरच्या किड्यांना तो पुरेल आणि समुद्रफुलाला बाधणार नाही. मला हा विचार पुस्तकापेक्षा शहाणपणाचा वाटला. पुस्तक लिहिणाऱ्यानं संत्र्याचा बगीचा कुठे पाहिला होता?

गुरुवारी संध्याकाळी पुस्तकातल्या मापानं मोरचूद तोलून, पाण्यात विरघळवून टाकीत सोडला. शुक्रवारी पांढरे कण तसेच होते. मी एक लोखंडी खिळा घासून पाण्यात धरला. बराच वेळ धरला. तो लाल झाला नाही. वडिलांचा हिशेब खरा म्हणजे औषध निवलेलं होतं, आणि कण कमी झाले नव्हते म्हणजे जरा जास्तच निवलेलं होतं. मी आणखी मोरचूद विरघळवला. या वेळी तराजू काढला नाही. डोळ्यानं अंदाज घेतला, जसा आम्ही बगीच्यात घेतो. पुन्हा खिळा बुडवला. लाल नाही.

मामाजी निळी बाटली बघत होते.

"हे तर आमच्या गावाकडे झाडाले लावतेत, सर."

"तेच आहे."

"मॅडमनं सांगतलं हाये का?"

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.

शनिवारी सकाळी समुद्रफूल मिटलं होतं. दांडे आखडून मुठीएवढं झालं होतं आणि मधलं तोंड जरा उघडं दिसत होतं. मासा त्याच्यावर उलटसुलट फिरत परांनी त्याला वारा घातल्यासारखं करत होता. अधूनमधून ते असं मिटतं, असं मॅडमनी एकदा सांगितलं होतं. मी ते आठवून घेतलं. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं. पिंपात मुरलेलं पाणी होतं. शर्टाच्या बाह्या सारून पाणी बदलायला बसलो असतो तर कदाचित ते वाचलं असतं. दुपारी एकची बस होती. मी मामाजींना रविवारी एकदा डोकावून जायला सांगितलं आणि निघालो.

अमरावतीला पोहे झाले, चहा झाला. मुलीच्या मामांनी कॉलेजची चौकशी केली. मी काय बोलावं ते न सुचून टाकीबद्दल सांगत बसलो, मासा आजारी आहे आणि त्याच्यावर इलाज चालू आहे वगैरे. मुलगी इतका वेळ खाली मान घालून बसली होती. तिनं वर बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मग आता त्याच्याजवळ कोण आहे?"

मी म्हणालो, "आहेत एक जण." पुढे तिच्याशीच माझं लग्न झालं. तो प्रश्न तिच्या लक्षातही नाही.

सोमवारी जिन्यातच वास आला. मामाजींनी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. पाणी दुधाळ झालं होतं. समुद्रफुलाच्या जागी दगडावर राखाडी बुळबुळीत चिंध्या लोंबत होत्या. मासा वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या पृष्ठाला तोंड लावून श्वास घेत होता.

"काल सकाळपासून लाईन गेली होती, सर," मामाजी म्हणाले. "हवेचा पंप बंद. मी सायकलचा पंप लावून नळीतून हवा मारली, लाईन येईपर्यंत. पन ते फूल तवाच गेलं होतं. मी आलो तवाच त्याले काही राह्यलं नव्हतं."

आम्ही दोघांनी मिळून चिंध्या काढल्या, पिंपातलं सगळं पाणी टाकीत घातलं, पुन्हा क्षार तोलले. या वेळी मामाजी तोलत होते आणि मी कालवत होतो. त्यांचा हात माझ्याहून स्थिर होता. गुरुवारपर्यंत माशाच्या अंगावरचे कण गेले. तो खायला लागला. औषध लागू पडलं होतं. फक्त त्याला आता जायला जागा नव्हती. तो हवेच्या नळीला टेकून राहायचा, तिथून उठणाऱ्या बुडबुड्यांत अंग घालायचा आणि पुन्हा बाहेर यायचा.

मॅडम आईचं तेरावं करून परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सरळ टाकीपाशी आल्या. मामाजी टेबल पुसत होते. मी शेजारी उभा राहिलो.

"कधी गेलं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी सकाळी पाहिलं. रविवारी लाईन बराच वेळ गेली होती, मॅडम. हवेचा पंप बंद पडला."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणूनच मला ते बोलता आलं.

मॅडमनी काचेवर हात ठेवला. मासा हाताकडे आला. "तुम्ही तरी काय करणार," त्या म्हणाल्या. "मन लावून घेऊ नका. मी इथे नव्हते, आणि खरं सांगू का, तिथेही पुरती नव्हते. आईच्या उशाशी बसून मी पाण्याचा विचार करत होते."

ज्यांची आई गेली होती त्या मलाच धीर देत होत्या. मामाजींचं फडकं टेबलावर थांबलं होतं. नंतर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं.

"सर, लाईन गेली होती हे खरं हाये. पन मी पंप मारला होता. हाताले फोड आले माह्या."

"मला माहीत आहे, मामाजी."

"तुमाले माईत हाये. मॅडमले कुठं माईत हाये?"

एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी बोलत, पण कामापुरतं. माझं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा दुसऱ्या कुणी असतं तर त्यांनी आठवडाभर चिडवलं असतं. मला त्यांनी नुसतं "चांगलं झालं, सर" म्हटलं.

सांगायचं मी रोज ठरवत होतो. आधी वाटलं, मॅडमचं दुःख ताजं आहे. मग परीक्षा आल्या. मग वाटलं, आता इतक्या दिवसांनी कशाला? जो माणूस सांगणं टाळतो त्याला कारणांची वाण पडत नाही. असा महिना गेला.

मग एके दिवशी वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापकांची सहल समुद्रावरून परतली. मॅडमनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी पिशवीतून नवं समुद्रफूल आणलं, आधीच्यापेक्षा लहान, फिकट जांभळ्या टोकांचं. मॅडमनी ती पिशवी न उघडताच टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं ऊन होईतो अर्धा तास तशीच ठेवायची पद्धत असते. मॅडम खुर्ची ओढून समोर बसल्या. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काही उमललेलं पाहत होतो. मासा खालून आला आणि प्लास्टिकला पोट घासू लागला.

मला मात्र तळातले शिंपले दिसत होते. चुना मोरचूद निववतो म्हणजे तो नाहीसा करत नाही, धरून ठेवतो. आमच्या बुंध्यांवर निळसर लेप महिनोन्महिने टिकतो, तो त्यामुळेच. या शिंपल्यांतून तांबं थोडं थोडं सुटत राहणार होतं. अर्ध्या तासानं पिशवी उघडली असती आणि हेही मेलं असतं. मॅडमनी मग स्वतःलाच दोष दिला असता, नाहीतर पुन्हा लाईनला.

"मॅडम, ते पाण्यात सोडू नका," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली.

"मी या टाकीत मोरचूद घातला होता. तुम्ही इंदूरला होता तेव्हा. मासा आजारी पडला म्हणून. फूल लाईन गेल्यामुळे नाही मेलं. मामाजींनी सायकलच्या पंपानं हवा दिली होती. माझ्यामुळे मेलं."

त्या उठल्या आणि आधी पिशवी दोन्ही हातांनी उचलून घेतली. मग विचारलं, "किती घातलात?"

"पहिल्यांदा पुस्तकाप्रमाणे, तोलून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"डोळ्यानं."

मामाजी दारात उभे होते. मॅडमनी त्यांना मोठी बरणी आणि पिंपातलं पाणी आणायला सांगितलं. बरणी येईतो त्या पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि मी खिळ्याचं, विळ्याचं, वडिलांचं, शिंपल्यांचं सगळं सांगत होतो. त्यांनी मध्ये थांबवलं नाही. बगीच्यातली ही पद्धत त्यांना माहीत नव्हती. पातं नेमकं किती वेळ बुडवतात तेही त्यांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांचं काही चुकत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "पण संत्र्याला सोसेल की नाही, एवढंच खिळा सांगतो. या फुलाला तांबं कितीतरी आधी कळतं."

मी मान खाली घातली. मला वाटलं संपलं.

"इलाज चुकला, त्याचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण तुमचं ऐकून मी मामाजींना विचारलं होतं, हवा नीट मारली होती ना? ते म्हणाले, मारली होती. पुढे एक शब्द बोलले नाहीत. आणि माझा त्यांच्यावर पुरता विश्वास बसला नाही. महिनाभर मी त्यांच्याकडे त्या नजरेनं पाहत होते. आधी त्यांची माफी मागा. माझी नंतर."

मी मामाजींकडे वळलो. ते बरणी घेऊन उभे होते. मी म्हणालो, "मामाजी, चुकलो मी. तुमच्यावर ढकललं."

त्यांनी बरणी माझ्यापुढे केली. "ठीक हाये, सर. आता बरनी धरा. दोन्ही हातांनं धरा."

त्या दिवशी आम्ही नवं समुद्रफूल बरणीत ठेवलं. मॅडम फारशा बोलल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "उद्या सकाळी सातला या. पाणी बदलायचं आहे." मी दहा दिवस रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला गेलो. मासा दुसऱ्या बरणीत काढला आणि टाकीतले सगळे शिंपले मी आणि मामाजींनी घमेल्यात भरून बाहेर नेऊन टाकले. टाकी घासली, नवी वाळू घातली, नवं पाणी मुरवलं. चौथ्या दिवशी मामाजी वाळू धुता धुता म्हणाले, "काय गा नवरदेव, हळद लागाच्या आधीच भांडे घासाले लागले!" मी हसलो. तेही हसले.

दोन्ही जीव टाकीत एकत्र सोडले तेव्हा सकाळ होती. मासा लगेच आत गेला नाही. अनोळखी दांड्यांना नुसती शेपटी लावायचा, दचकून मागे सरायचा. मग पोट टेकवायचा, पुन्हा पळायचा. नवं विष अंगवळणी पडायला वेळ लागतो. मॅडम आणि मी उभ्यानं बघत होतो.

"आईनं एकदा विचारलं होतं," मॅडम काचेकडे बघतच म्हणाल्या. "मी पाण्याचीच काळजी करते हे तिला कळत होतं. म्हणाली, तिकडे तुझी माणसं नीट सांभाळतात ना? मी हो म्हणाले होते."

 माफी मी आधीच मागितली होती आणि त्यांनी ती ऐकूनही घेतली होती. याला ती पुरणारी नव्हती.

मासा पुन्हा जवळ गेला. या वेळी आधी डोकं, मग पहिला पांढरा पट्टा, मग दुसरा, असा हळूहळू तो आत शिरला आणि राहिला. दांडे त्याच्यावरून हलत मिटले. मॅडम नीट बघायला वाकल्या, आणि मलाही दिसावं म्हणून जराशा बाजूला सरकल्या.